कालवांचा चपटा वैरी आणि गोड्या पाण्याची वेस

मागील अंकात याच सदरात, परदेशी कालवांच्या बीजासोबत, म्हणजे लागवडीसाठी आणलेल्या इवल्या पिल्लांसोबत, नव्या समुद्रात पोहोचून तेथील कालवे फस्त करणाऱ्या एका चपट्या कृमीविषयी चार ओळींचे टिपण दिले होते. घाटमाथ्याच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्या सातारा-सांगलीच्या वाचकांना समुद्रातल्या या जीवात कितपत रस वाटेल, अशी शंका संपादकांनी व्यक्त केली होती. प्रत्यक्षात पत्रे इतकी आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्या रत्नागिरीच्या आत्याला कालव उघडायला सुरी आणि हातोडी लागते. मग ज्याला दात नाहीत, हाड नाही, असा कागदासारखा पातळ किडा कालव खातो कसा? आणि पोहतही फारसा नसताना तो एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचतो कसा?
— एक वाचक, कराड

आत्याबाईंच्या हाती येणारे कालव मिटलेले असते. पाण्याखाली मात्र त्याला सदासर्वकाळ मिटून राहता येत नाही, कारण श्वासासाठी आणि अन्नासाठी त्याला पाणी आत ओढून गाळावे लागते आणि त्यासाठी दोन शिंपांमध्ये फट ठेवावी लागते. त्या फटीतून शिरायला जाडी नसणे हेच मोठे शस्त्र ठरते. हा कृमी पोटाकडच्या अंगावरील केसांसारख्या सूक्ष्म रोमकांच्या साहाय्याने, स्वतःच सोडलेल्या बुळबुळीत थरावरून सरकत जातो. त्याचे सरकणे इतके हलके असते की कालवाला ते जाणवून कवच घट्ट मिटण्याआधीच तो आत पोहोचलेला असतो. त्याचे तोंड डोक्याकडे नसून पोटाच्या मध्याजवळ असते. तेथून तो झालरीसारखा घडीदार घसा बाहेर काढतो, कालवाच्या मऊ मांसावर पसरतो आणि ते पचवत आत ओढून घेतो. कवच मिटून धरणारा स्नायू निकामी झाला की दार कायमचे उघडे पडते. पुढे तेच रिकामे कवच कृमीला निवारा म्हणून आणि अंडी घालण्यासाठी उपयोगी पडते, म्हणजे भक्ष्य संपले तरी त्याचे घर वापरात राहते.

चपटेपणाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण या प्राण्याचे सारे जीवन त्यावर बेतलेले आहे. समुद्रातल्या या मुक्तजीवी चपट्या कृमींच्या गणाला पॉलिक्लॅडिडा म्हणतात आणि त्या नावाचा अर्थ ‘अनेक फांद्यांचे’ असा आहे, कारण यांच्या आतड्याला झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. यांना रक्तवाहिन्या नाहीत, कल्ले नाहीत आणि फुप्फुसेही नाहीत. त्वचेतून झिरपेल तेवढाच प्राणवायू शरीराला मिळतो, म्हणून शरीराचा कोणताही भाग पृष्ठभागापासून फार दूर असून चालत नाही. अन्न वाहून न्यायला रक्त नसल्याने आतड्याच्या फांद्याच ते काम करतात. मी विद्यार्थी असताना भिंगाखाली जिवंत कृमी प्रथम पाहिला, तेव्हा त्या अर्धपारदर्शक अंगात पिंपळाच्या वाळलेल्या पानासारखी ती जाळी दिसली होती, आणि आजही चपटा कृमी म्हटले की मला प्रथम तीच आठवते.

कालवांवर जगणाऱ्या कृमींची नोंद जुनी आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील कालवांची या कृमींमुळे होणारी हानी अमेरिकेच्या मत्स्य विभागाने १९१९ साली अहवालाच्या रूपाने छापली. पुढे १९३१ मध्ये तेथील कृमीला स्टायलोकस इनिमिकस असे नाव मिळाले. ‘इनिमिकस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ वैरी. शास्त्रीय नाव ठेवताना कालव-उत्पादकाचा संताप नावात उतरल्याचे असे उदाहरण क्वचितच सापडते. तो कृमी मात्र तेथलाच होता, बाहेरून आलेला नव्हता.

आक्रमक ठरलेल्या कृमीची कथा अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, वॉशिंग्टन राज्यात घडली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे जपानमधून कालवांचे बीज जहाजाने आणले जाई. १९१९ साली सॅमिश उपसागरात आणलेल्या एका खेपेतील मोठी कालवे प्रवासात दगावली होती, पण त्यांच्या कवचांना चिकटलेली इवलीशी पिल्ले जगली आणि त्यांतून तेथे जपानी कालवांची शेती होऊ शकते हे सिद्ध झाले. जी गोष्ट पिल्लांना साधली तीच त्या कवचांच्या खाचाखोचांत बसलेल्या इतर जीवांनाही साधली. कालवाला भोक पाडणारी जपानी शंखगोगलगाय, सारगॅसम जातीचे एक समुद्रशैवाल आणि आपला हा चपटा कृमी, असे सारे जपानी कालवांबरोबर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. प्राणिशास्त्रज्ञ लिबी हायमन यांनी १९५५ मध्ये या कृमीचे वर्णन करून त्याला स्यूडोस्टायलोकस ऑस्ट्रिओफॅगस असे नाव दिले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ सरळ ‘कालवभक्षक’ असा आहे. तो मुख्यतः कोवळ्या बीजाचा घास घेतो. वयाने जून, जाड कवचाच्या कालवापेक्षा नखाएवढे पिल्लू त्याला सोपे जाते, आणि उत्पादकाचे नुकसान डोळ्यांना दिसण्याआधीच होऊन जाते.

जहाजे हा दुसरा मार्ग. मालाविना जाणारे जहाज तोल राखण्यासाठी बंदरातले पाणी टाक्यांत भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात सोडते. अनेक चपट्या कृमींची अंड्यातून निघालेली पिल्ले काही काळ पाण्यात तरंगत राहतात. त्यांपैकी अंगाला कानाच्या पाळीसारख्या आठ पाळ्या असलेल्या पिल्लाला म्यूलरचे डिंभक आणि चार पाळ्यांच्या पिल्लाला गोटेचे डिंभक म्हणतात. अशी पिल्ले त्या पाण्याबरोबर टाकीत जाऊ शकतात. या पाण्यावर प्रक्रिया करण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. माझ्या मते मात्र या कृमींच्या बाबतीत जहाजाचा तळ अधिक काळजीचा आहे, कारण तळाला चिकटलेले बार्नॅकल (एका जागी चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) आणि शिंपले हे कृमीचे अन्नही आहे आणि घरही. टाकीतल्या पिल्लाला अंधारात उपाशी दिवस काढावे लागतात, तर तळावरचा कृमी शिदोरीसकट प्रवास करतो.

प्रश्न : आम्ही कोयनाकाठची माणसे. आमचे धरणाचे पाणी वीज करून पलीकडे कोकणात सोडतात. त्या पाण्याचा खाडीतल्या असल्या जीवांशी काही संबंध येतो का?
— एक वाचक, पाटण

आपला प्रश्न या महिन्यातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, म्हणून त्याला जरा जास्त जागा देतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चपट्या कृमीच्या अंगावर कवच नाही, खवले नाहीत, जाड कातडेही नाही. ज्या पातळ त्वचेतून प्राणवायू आत येतो तिच्यातून पाणीही ये-जा करू शकते. भोवतालचे पाणी अचानक गोडे झाले, तर परासरणाच्या नियमाने ते कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे, म्हणजे कृमीच्या शरीरात शिरू लागते. कृमी फुगतो, त्याच्या पेशींचे काम कोलमडते आणि तो मरतो. खाडीतील कालव याच प्रसंगाला निराळ्या रीतीने तोंड देते. पाणी फार गोडे झाल्याचे जाणवले की ते कवच मिटून घेते आणि काही दिवस तसेच राहू शकते. कालवाला दार आहे, कृमीला नाही. त्यामुळे नदीचे पाणी जेथे खाऱ्या पाण्यात मिसळते तो मधला, ना पुरता गोडा ना पुरता खारा असा पट्टा कालवांसाठी आश्रयस्थान ठरतो. भक्षक समुद्राच्या बाजूने वर सरकू पाहतात आणि पावसाळ्यातला लोंढा त्यांना पुन्हा खाली लोटतो. अर्थात लोंढा फार दिवस टिकला तर कालवेही दगावतात, कारण मिटून राहण्यालाही मर्यादा आहे.

ऑस्ट्रेलियात कालवांवर उपजीविका करणाऱ्या अशाच कृमीच्या क्षारतासहनाचा अभ्यास झाला आहे. कालवांच्या टोपल्या थोडा वेळ गोड्या पाण्यात किंवा अतिखाऱ्या पाण्यात बुडवून काढण्याचा उपाय याच तत्त्वावर आधारलेला आहे. दोन्ही टोकांना कालव दार लावून घेते आणि उघड्या अंगाचा कृमी सापडतो.

नदी वरच्या अंगाला अडवली किंवा वळवली तर खाली काय होते, याची चर्चा फ्लोरिडातील अपालाचिकोला उपसागराविषयी फार वर्षे चालली. त्या उपसागरात येणारे पाणी जॉर्जिया राज्यातून वाहत येते आणि तेथे शहरांसाठी व शेतीसाठी ते उचलले जाते. २०१२ मध्ये तेथील कालवांची मासेमारी कोसळली. कमी प्रवाहामुळे क्षारता वाढली आणि खारे पाणी मानवणारे भक्षक कालवांच्या वाफ्यांवर चढले, असे फ्लोरिडाचे म्हणणे होते. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जॉर्जियाच्या पाणीवापरामुळेच ही हानी झाली हे फ्लोरिडाला सिद्ध करता आले नाही, असा निकाल न्यायालयाने २०२१ मध्ये एकमताने दिला. निकालाचा कौल काहीही असो, क्षारता आणि भक्षक यांच्या नात्याचा प्रश्न डोंगरापलीकडच्या शेतापर्यंत जाऊन पोहोचतो, एवढे त्या खटल्याने सर्वांना दाखवून दिले. तो खटला दोन राज्यांतल्या पाण्याच्या वाटपाचा होता. कृष्णा खोऱ्यातल्या माणसाला ती भाषा नवी नाही.

कोयनेचे आपले पाणी उलट्या दिशेचे उदाहरण आहे. मुळात कृष्णेला मिळून पूर्वेकडे जाणारे हे पाणी शिवाजीसागरातून बोगद्यांनी सह्याद्रीखाली नेऊन, वीजनिर्मिती झाल्यावर वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी ठरवून दिलेले हे प्रमाण वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. पश्चिमवाहिनी नद्या पावसाळ्यानंतर आटत जातात आणि त्यांच्या खाड्यांत उन्हाळ्यात खारे पाणी बरेच वर चढते. वाशिष्ठीत मात्र कोयनेमुळे बारमाही गोडे पाणी येते आणि ते चिपळूणच्या खाली दाभोळच्या खाडीत मिसळते. खाडीच्या वरच्या टापूची क्षारता त्यामुळे तेवढी चढत नाही. एखादा परका, खाऱ्या पाण्याचा जीव त्या खाडीत येऊन पडला तर त्याने किती आतवर घर करावे, हे काही अंशी पोफळीच्या वीजघरातून किती पाणी सुटते यावर ठरेल. नैसर्गिक ऋतुचक्र बदलले की त्याचे सर्वच परिणाम चांगले असतात असे मी म्हणत नाही. खाऱ्या-गोड्याच्या चढउतारावर जगणाऱ्या स्थानिक जीवांनाही या स्थिर पाण्याशी जुळवून घ्यावे लागते. पण आपण विचारले तसा संबंध आहे, आणि तो निकटचा आहे.

परका जीव खाडीत येऊन पडणे ही आपल्या देशात कल्पनेतली गोष्ट राहिलेली नाही. मायटेला नावाचा अमेरिका खंडातला शिंपला केरळच्या अष्टमुडी सरोवरात पसरला आणि तेथील हिरव्या शिंपल्यांची व खाद्य कालवांची जागा त्याने मोठ्या प्रमाणात व्यापली. काळ्या पट्ट्यांचा मायटिलॉप्सिस हा दुसरा अमेरिकी शिंपला विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांत कित्येक दशकांपासून आहे.

प्रश्न : माझ्या खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये काचेवर आणि दगडांवर लालसर-तपकिरी, तीन शेपट्या असल्यासारखे बारीक किडे झाले आहेत. दोन महिन्यांत सगळी काच भरली. हेच का ते आक्रमक कृमी? औषध टाकू का?
— एक तरुण वाचक, विश्रामबाग, सांगली

आपल्या वर्णनावरून ते कॉन्व्होल्युट्रिलोबा या वंशातले दिसतात. या वंशातील एका जातीचे वर्णन १९८८ साली शास्त्रज्ञांनी केले, तेही समुद्रातून आणलेल्या नमुन्यावरून नव्हे तर मत्स्यालयाच्या टाकीतल्या प्राण्यांवरून. या एकाच गोष्टीवरून टाकीत हे किती सुखाने नांदतात ते लक्षात यावे. शरीराच्या मागच्या बाजूला यांना कळ्या फुटतात, कळी उलट्या तोंडाने वाढते आणि सुटून स्वतंत्र जीव होते. जोडीदाराची गरज नसल्यामुळे एकापासून टाकी भरते. शिवाय यांच्या अंगात सूक्ष्म शैवाले राहतात आणि उजेडात अन्न तयार करून यजमानाला पुरवतात, म्हणून आपण प्रवाळांसाठी लावलेले तेजस्वी दिवे यांनाही पोसतात. प्रवाळावर थर साचला की त्याचा उजेड अडतो.

हे खरे चपटे कृमी नाहीत. अनेक वर्षे त्यांना चपट्या कृमींच्याच संघात, म्हणजे प्राण्यांच्या त्याच मोठ्या गटात, गणले जाई, पण १९९९ मध्ये जनुकीय अभ्यासातून त्यांचा वंश फार पूर्वी वेगळा झाल्याचे दिसून आले. टाकीतला खरा चपटा कृमी पाहायचा असेल तर अ‍ॅक्रोपोरा जातीच्या फांदीदार प्रवाळावर जगणाऱ्या अमाकुसाप्लानाचे उदाहरण घ्या. त्याचेही वर्णन २०११ मध्ये झाले ते टाकीतल्या नमुन्यांवरूनच, आणि ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभिंतीवर तो त्यानंतर सापडला. प्रवाळाचेच रंग अंगात घेऊन तो असा बेमालूम बसतो की त्याच्या चाव्याचे गोल फिके ठसे आधी दिसतात आणि तो स्वतः मागाहून.

औषधाविषयी माझे सांगणे आग्रहाचे आहे. सगळे कृमी एका रात्रीत मारू नका. मरताना त्यांच्या शरीरातून विषारी द्रव्ये पाण्यात सुटतात आणि हजारो कृमी एकदम मेले तर मासेही जातात. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी संध्याकाळी औषध टाकले आणि सकाळी त्यांच्या टाकीत एकही मासा जिवंत नव्हता. आधी बारीक नळीने रोज जितके ओढून काढता येतील तितके काढा. संख्या अगदी कमी झाल्यावरच औषधाचा विचार करा, आणि त्या वेळी जाळीत सक्रिय कोळसा व बदलायला तयार खारे पाणी हाताशी ठेवा. नवा दगड किंवा प्रवाळ थेट मुख्य टाकीत न सोडता काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा, कारण अंडी औषधाच्या बुडवणीतूनही वाचतात आणि नंतर फुटतात. भारतीय समुद्रातील खडक बांधणारी प्रवाळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, हेही खरेदीपूर्वी ध्यानात असावे.

काढलेले पाणी सांगलीच्या गटारात गेले तर कृमी गोड्या पाण्यात मरतील. कृष्णेला त्यांच्यापासून भीती नाही. पण सहलीला जाताना नकोशी झालेली टाकी कोकणात रिकामी करू नका. परकी प्रजाती नव्या किनाऱ्यावर रुजण्याचा हा अगदी घरगुती मार्ग आहे.

प्रश्न : मेंढ्यांच्या काळजात निघणारा पानासारखा किडाही चपटाच असतो. तो आणि हा एकच का?
— एक मेंढपाळ वाचक, दहिवडी

संघ एकच, घराणे वेगळे. मेंढीच्या यकृतातला लिव्हर फ्लूक परजीवी आहे. त्याला आयुष्याचा एक टप्पा गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत आणि दुसरा मेंढीत काढावा लागतो. समुद्रातला कालवभक्षक कोणाच्या शरीरात राहत नाही, तो शिकारी आहे. त्याच्यापासून मेंढ्यांना किंवा माणसाला लागण होत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या परसात कुदळीसारख्या डोक्याचा, पाठीवर काळ्या रेघा असलेला वीतभर लांब किडा निघतो. गांडूळखताच्या वाफ्यात तो दिसल्यापासून गांडुळे कमी झाली. हा समुद्रातून आला का? त्यावर मीठ टाकावे का?
— एक वाचिका, वाई

हा समुद्रातून आलेला नाही, पण समुद्रातल्या कृमींचा चुलतभाऊ आहे. याच्या जवळच्या अनेक जाती असून सर्वांत प्रसिद्ध जातीला बायपेलियम क्यूएन्स म्हणतात. मूळची आग्नेय आशियाची असूनही १८७८ मध्ये तिचे वर्णन झाले ते लंडनच्या क्यू उद्यानातील उबदार काचघरात सापडलेल्या नमुन्यांवरून, आणि म्हणून तिच्या नावात ‘क्यू’ आले. कुंड्यांतल्या मातीबरोबर ती जगभर गेली. तिचे भक्ष्य गांडूळच, त्यामुळे आपले निरीक्षण योग्य आहे.

खुरप्याने तुकडे करू नका. तुकड्यांतून नवे कृमी वाढतात. हाताने उचलू नका, कारण या वंशात टेट्रोडोटॉक्सिन हे विष आढळले आहे, जे समुद्रातल्या काही चपट्या कृमींतही असते. काडीने उचलून मिठाच्या दाट पाण्यात टाकावे, मीठ वाफ्यावर पसरू नये. ज्या नियमाने समुद्री कृमीला गोडे पाणी मारते त्याच नियमाने याला मीठ मारते, फक्त पाण्याची दिशा उलटी होते.

शंखी गोगलगायींवर उपाय म्हणून असे कृमी पाळावेत का, असेही एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे. कृपया करू नका. प्लॅटिडेमस मानोक्वारी या न्यू गिनीच्या कृमीला याच हेतूने पॅसिफिक बेटांवर नेण्यात आले, आणि त्याने तेथील दुर्मीळ स्थानिक गोगलगायींचा फडशा पाडला. जगातील १०० सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आज त्याचे नाव आहे.

प्रश्न : आमची महाविद्यालयाची सहल रत्नागिरीला जाणार आहे. जिवंत समुद्री चपटा कृमी पाहायला मिळेल का?
— एक विद्यार्थिनी, विटा

जरूर मिळू शकेल. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी निवडा, तेव्हा पाणी सर्वाधिक मागे जाते. खडकाळ भागात, पाण्याच्या कडेजवळचा, हाताने उलटता येईल असा दगड हळूच उलटा आणि त्याची खालची बाजू निरखा. ओल्या रंगाचा डाग आहे असे वाटेल, आणि तो डाग सरकू लागेल. मऊ रंगकुंचल्याने त्याला पांढऱ्या बशीत, समुद्राच्याच पाण्यात घ्या. डोक्याकडे काळ्या ठिपक्यांचे पुंजके दिसतील, ते त्याचे डोळे. एखादा रंगीत कृमी कडा लाटेसारख्या हलवत पोहूनही दाखवेल.

आपल्या किनाऱ्यावरचे हे कृमी येथलेच रहिवासी आहेत, त्यांना शत्रू समजून चिरडू नये. दगड ज्या बाजूने होता त्याच बाजूने परत ठेवावा. खालच्या अंगाला चिकटलेली अंडी उन्हात उघडी पडली तर तासाभरात वाळून जातात. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालयही त्याच फेरीत पाहून घ्यावे, आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी चपला व बशी गोड्या पाण्याने धुवाव्यात.